गावरान कोंबडी खरोखर गावरान हवी

महोदय,

परसातील कुक्कुटपालनासाठी गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले सर्रास ‘गावरान’ म्हणून विकली जातात. या जाती वाईट नाहीत. त्यांचे वजन लवकर भरते आणि अंडीही जास्त मिळतात. मात्र त्यांच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, त्यामुळे पुढची पिल्ले पुन्हा विकतच आणावी लागतात, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. अस्सल गावरान कोंबडी अंडी कमी देते, पण दहा-बारा अंड्यांवर 21 दिवस बसून पिल्ले काढते आणि घार-मुंगसापासून त्यांना राखते. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मध्य प्रदेशातील झाबुआचा कडकनाथ या जातीचा पक्षीही या बाबतीत उणाच, म्हणून आम्ही त्याची अंडी गावरान किंवा असील या देशी जातीच्या कोंबडीखालीच ठेवतो.

दुसरी अडचण लसीची. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगावरील लासोटा लसीची कुपी किमान शंभर पक्ष्यांच्या हिशेबाने मिळते आणि एकदा विरघळवली की काही तासांत वापरावी लागते. डालग्यात पंधरा पिल्ले असणाऱ्याने उरलेली ओतून द्यायची का? पशुसंवर्धन विभागाने गावागावांत लसीकरणाचा ठराविक वार नेमावा आणि पिल्ले विकणाऱ्यांना जातीचे नाव पावतीवर लिहिणे बंधनकारक करावे, ही विनंती.

— एक कोंबडीपालक, संगमेश्वर (जि. रत्नागिरी)