शीळकऱ्याचा निळा

आंबोली, जुलै

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा टोमणा पोचला! शीळकरी कस्तुर या पक्ष्याच्या फोटोत मी निळा रंग ओतलाय म्हणे. अरे, त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे उजेड विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. म्हणून गर्द झाडीत बसलेला असताना हा पक्षी नुसता काळा दिसतो. ओढ्यातल्या खडकावर उतरून जरा वळला की कपाळ आणि खांदे असे झळकतात की बस्स. तेवढ्यात बटण दाबायचं.

आता खरी कटकट सांगतो. भर पावसात, धुक्यात, काळसर पक्षी ओल्या काळ्या कातळावर. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पिसं राखाडी होऊन बसतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक पायरी खाली ठेवतो आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२००. फोटोत दाणे येतात, येऊ देत. शटर १/१२५ सेकंद पुरतं, कारण किडा किंवा खेकडा टिपण्याआधी तो शेपटी पसरून क्षणभर थांबतो.

आणि त्याची शीळ! ऐन पहाटे, उजाडायच्या आत सुरू होते. सूर माणसाच्या शिळेसारखेच, पण कुठल्याच चालीत बसत नाहीत, रेंगाळत, भरकटत जातात. मी बराच वेळ कॅमेरा पिशवीतच ठेवतो. एरवीही त्या उजेडात काय दिसणार?

हल्ली काही जण मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला समोर बोलावतात. मला ते अजिबात पटत नाही. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून तो घरट्याचं काम टाकून धावत येतो. फोटो मिळतो, पण तो चिडलेल्या पक्ष्याचा. घरटंही ओढ्याकाठच्या कपारीत असतं. तिकडे लेन्स रोखू नये. खाण्याची ठरलेली जागा हेरून लांब बसावं, तो आपणहून येतो.

तू येच. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे सावंतवाडीला जाणारी एसटी धर, इथेच उतरता येतं. मोठी लेन्स माझ्याकडे आहे, तू कोरडे मोजे भरपूर आण. आणि तुझा तो भडक पिवळा रेनकोट घरीच राहू दे.

तुझा,
अव्या