परवान्याचा अर्ज भरण्याआधी

नौपाडा, ठाणे
रविवार

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी रिव्हॉल्व्हरच्या लायसन्ससाठी अर्ज करतेय," आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. आई शेजारीच बसली होती, तिचं ब्लडप्रेशर तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करणं मला जमत नाही, आणि केलं तरी तू ते भाजी ढवळताना वाचशील.

शेजारच्या रो-हाऊसचा कोयंडा कटावणीने उचकटला, समीर महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर, घरात तू आणि अर्णव. झोप उडणारच. खारघरला तुमच्या त्या टोकाला, टेकडीच्या बाजूला, रात्री अकरानंतर कुत्र्यांशिवाय कुणी दिसत नाही हे मी बघितलंय. पण चोरी झाली तेव्हा शेजारी कुठे होते? गावी, लग्नाला. आपल्याकडच्या घरफोड्या बहुतेक अशाच होतात, दाराचं कुलूप आणि दारात साचलेले पेपर बघून. चोराला घरात माणूस नकोच असतो. म्हणजे ज्या दिवशी चोर यायची शक्यता जास्त, त्या दिवशी तू घरात नसणार आणि रिव्हॉल्व्हर मात्र कपाटात असणार. दागिने गेले तर चार दिवस रडून मोकळं होता येतं. परवान्याचं हत्यार गेलं तर जबाब द्यायला तू पोलीस ठाण्यात, आणि पुढे ते कुणाच्या हातात सापडेल याचा घोर वेगळाच.

डलासच्या सुहासने उशाजवळच्या पिस्तुलाचा फोटो पाठवला आणि "इकडे सगळ्यांकडे असतं" म्हणाला, तिथून हे डोक्यात आलं ना? त्याला म्हणावं, तुमच्याच देशात १९९३ साली केलरमन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात झालेल्या खुनांचा अभ्यास छापला होता. बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका जवळजवळ पावणेतीन पट निघाला, आणि मारणारे बहुतेक घरातले नाहीतर ओळखीचे. त्या आकड्यावर तिथे पुष्कळ वाद झाला, पण घरातल्या माणसांविषयी जे म्हटलंय ते मला पटतं.

आपल्या कुडाळजवळच्या घरी बंदूक होती, तू तिला हातही लावलास लहानपणी. ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं एका रात्रीत अख्खा मळा उपसून टाकायची, माकडं नारळ ठेवत नसत. आजोबा ती पडवीच्या खुंटीला टांगायचे, पण दारू, छर्रे आणि बार पेटवणाऱ्या केपा माजघरातल्या पेटीत, कुलपात. "भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत हाडूची नाय," हा त्यांचा नेम. मळ्यातून परतताना बार तिकडेच काढून यायचा. एका पावसाळ्यात मध्यरात्री पडवीत खुडबूड झाली. आजोबा उठले, पेटी उघडली, दारू ओतली, गजाने ठासायला लागले. तेवढ्यात बाहेरचा खोकला. दादाकाका! तार न करता मुंबईहून आलेला, एसटी चुकली म्हणून कुडाळहून चालत, डोक्यावर गोणपाट घेऊन. केप बसवायची तेवढी बाकी होती. आजी मग आठवडाभर आजोबांशी बोलली नाही, का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. समीर दौऱ्यावरून पहाटे दोन-तीनला येतो. नेहमी फोन करून येतो का?

आता रिव्हॉल्व्हर ठासावं लागत नाही, खटका दाबला की झालं. म्हणून तर मला जास्त भीती वाटते. नियमाप्रमाणे ठेवायचं तर हत्यार कुलपात, गोळ्या वेगळ्या. रात्री काच फुटली तर तू उठणार, चष्मा शोधणार, किल्ली शोधणार, मग अंधारात गोळ्या भरणार. आणि भरून उशाशी ठेवलंस तर अर्णव सात वर्षांचा आहे. दिवाळीत चॉकलेटच्या कपाटाची किल्ली आईने पोह्यांच्या डब्यात लपवली होती, ती त्याने दुपारच्या आत काढली. मला यातून वाट दिसत नाही. तुला दिसत असेल तर सांग.

आणि हत्यार नेहमी परवानाधारकाच्याच हातात राहतं असंही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्हवर खून झाला, ते पिस्तूल गोळ्या झाडणाऱ्याचं नव्हतं. त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं.

कायद्याचं थोडक्यात. अर्ज बेलापूरला, नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे. धोका नेमका कुणापासून हे विचारतात, तुमच्या पोलीस ठाण्यातून चौकशी होते, डॉक्टरांचा दाखला आणि हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. मिळाला तर परवाना पाच वर्षांचा, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीनचा होता. निवडणुका आल्या की हत्यारं जमा करायचे आदेश निघतात, तेवढे दिवस ते पोलिसांकडे. खर्चही बघ. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, अर्ध्या किलोचं, तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होतं. (बायकांसाठी म्हणजे हलकं आणि मखमली पेटीत. आपल्याकडे सगळ्याचं असंच.) भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ रात्रीच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा मोठा हक्क देतं, पण कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. कुंपणावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली तर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या तू चढणार.

आजोबा गेल्यावर बंदूक आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली. वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. मोठा काका माग म्हणत होता, मी मागितला नाही. ठाणे शहरातल्या आपल्या दोन खोल्यांत डुकरं येत नव्हती आणि तू तेव्हा लहान होतीस.

तुला कुणी नाव घेऊन धमकी दिली असती, कुणी पाठलाग करत असतं, तर मी वेगळं बोललो असतो आणि स्वतः बेलापूरला सोबत आलो असतो. तसं काही असेल आणि आईमुळे लपवत असशील, तर मला एकट्याला फोन कर. दुपारी ती झोपते.

नसेल, तर त्या पैशांत मागचं दार आधी बदल. बिल्डरने लावलेलं ते दार म्हणजे पापड आहे. बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर, आतून आडणा, स्वयंपाकघराच्या स्लायडिंग खिडकीला ग्रिल, मागच्या बाजूला सेन्सरचा दिवा. झोपायच्या खोलीलाही आतून चांगली कडी हवी. आवाज आला तर अर्णवला घेऊन आत जायचं, कडी घालायची, ११२ लावायचा. समोरच्या देशमुखांचा नंबरही हाताशी ठेव, ते रिटायर्ड आहेत, रात्री जागेच असतात.

आपल्या इथला फॅब्रिकेटर शनिवारी तिकडे येऊन माप घ्यायला तयार आहे. मी त्याला पत्ता दिलाय. तू नको म्हणालीस तर त्याला शुक्रवारपर्यंत कळवायला लागेल.

तुझे,
बाबा