फुटबॉल प्रशिक्षणाची पदवी हवी

संपादक महोदय,

माझ्या मुलीला फुटबॉल प्रशिक्षण व व्यवस्थापनात पदवी घ्यायची आहे. नातेवाईक विचारतात, 'पुढं पोट कसं भरणार?' संध्याकाळी ती गल्लीतल्या पोरांना डाव्या पायानं पास द्यायला शिकवते. चुकलं तर ओरडत नाही. चेंडू थांबवून टेकवलेला पाय कुठं हवा ते दाखवते. हेही शिक्षणच आहे!

इंग्लंडमध्ये फुटबॉल व्यवसायाच्या पदव्यांसाठीची यूसीएफबी ही संस्था 2011 साली बर्नली क्लबच्या टर्फ मूर स्टेडियममध्येच सुरू झाली. आपल्याकडे प्रशिक्षकांसाठी डी, सी, बी, ए अशी लायसन्स आहेत. पण क्लबचा जमाखर्च, स्पर्धांचं नियोजन शिकायला पदवीच हवी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठानं असा अभ्यासक्रम सोलापुरात जरूर आणावा. पोरींना त्यासाठी घर सोडावं लागू नये.

– एक पालक, अशोक चौक, सोलापूर