डिपॉझिट इतक्यात भरू नकोस

सांगली, २३ मार्च २०२६

प्रिय मनू,

पाडव्याला फोनवर तू म्हणालीस, "नकोच मला ते कॅरोलिना, रटगर्सला डिपॉझिट भरून टाकते, विषय संपला." आणि फोन बाबांच्या हातात दिलास. कॅरोलिना म्हणजे ते दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ, तिथलं मेरिट, म्हणजे गुणांवरची स्कॉलरशिप, मिळेल की नाही ते अजून कळलेलं नाही, म्हणून आपल्या न्यू जर्सीतलं रटगर्स पक्कं करून टाकायचं. आजीच्या खोलीत बसून फोनवर भांडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

विषय संपलेला नाही. डिपॉझिटची शेवटची तारीख १ मे, तिला अजून पाच आठवडे आहेत. रटगर्सची जागा तोपर्यंत तुझीच आहे. डिपॉझिट आज भरलं काय आणि ३० एप्रिलला भरलं काय, प्रवेशाला काडीचा फरक पडत नाही. पडलाच तर हॉस्टेलच्या खोलीच्या रांगेत पडेल, कारण काही ठिकाणी खोल्या तारखेच्या क्रमाने देतात. पण खोलीचा अर्ज बऱ्याचदा डिपॉझिटपासून वेगळा असतो आणि त्याचे पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतात ते तिथेच लिहिलेलं असतं. ते आधी वाच. प्रवेशाचं डिपॉझिट मात्र सहसा परत मिळत नाही. आणि दोन्हीकडे भरून ठेवू, असं तुझी ती मैत्रीण म्हणते ना, ते करायचं नाही. कळलं तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात.

खरं तर मला डिपॉझिटबद्दल लिहायचंच नाहीये. तुझं ते "नकोच" मनातून जात नाही. दादासुद्धा असाच म्हणाला होता.

त्याच्या वेळी आपण एच-फोरवर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर होतो. त्या व्हिसावरच्या मुलाला फेडरल मदत नाही, फेडरल कर्जही नाही. कुणी काही विचारायच्या आत त्याने मिडलसेक्सचा, म्हणजे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजचा, फॉर्म भरला आणि म्हणाला, मला घरूनच जायला आवडतं. त्याचं चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, फाफ्सा म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज भरलेला आहे. तुला कॅरोलिना नको असेल तर खुशाल नको म्हण. आमच्यासाठी नको म्हणू नकोस. बस्स, हे एवढंच सांगायचं होतं.

आता मेरिट कळवायला उशीर का होतो ते समजून घे, म्हणजे रात्री दोनला विद्यापीठाचं पोर्टल उघडावंसं वाटणार नाही. प्रवेश देणारी माणसं वेगळी, मेरिट ठरवणारी वेगळी. काही विद्यापीठांत मेरिट तक्त्यावर चालतं: जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी इतकी, एसएटी किंवा एसीटी परीक्षेचा स्कोअर इतका, की इतके डॉलर. अलाबामाचा तक्ता वेबसाइटवर उघड असतो, अर्ज करण्याआधीच आपला आकडा कळतो. तू थांबली आहेस ते स्पर्धेचं मेरिट. तिथे निबंध माणसं वाचतात, मोठ्या स्कॉलरशिपला फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती होतात, आणि डिपार्टमेंटच्या स्कॉलरशिपा त्याहून मागून येतात, कारण तो पैसा देणगीदारांचा आणि प्रत्येकाची अट निराळी. कुणाला केमिकल इंजिनिअरिंगचाच विद्यार्थी हवा, कुणाला अमुक काउंटीतलाच. वरच्यांनी नकार दिला की सुटलेले पैसे काही विद्यापीठं पुढच्याला देतात, काही देत नाहीत. म्हणून मार्चअखेर गप्प असलेलं पोर्टल म्हणजे नकार नव्हे. होकारही नव्हे, तेही खरं.

दोन-तीन गोष्टी मात्र तपास. मेरिट बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या पोर्टलवर दिसतच नाही, फायनान्शियल एडच्या पानावर दिसतं, आणि ते उघडायला विद्यापीठाने दिलेला ईमेल सुरू करावा लागतो. तो सुरू केलास का? पत्र तिथे येऊन पडतं आणि मुलं जीमेल बघत बसतात. दुसरं, डिपार्टमेंटच्या स्कॉलरशिपांचा वेगळा एक सामाईक अर्ज असतो. तो "सबमिटेड" दिसतो की "ड्राफ्ट", ते बघ. फाफ्साच्या यादीत कॅरोलिनाचा कोड आहे ना आणि व्हेरिफिकेशनसाठी काही मागितलं नाही ना, तेही. मेरिटला उत्पन्न बघत नसले तरी काही ठिकाणी फाफ्सा आल्याशिवाय रक्कम खात्यावर चढवत नाहीत. तिसरं, तू स्वतः भरलेले मार्क आणि शाळेने पाठवलेलं मिडइयर, म्हणजे सहामाहीचं गुणपत्रक, जुळतंय का. वेटेड (अवघड विषयांना जादा वजन दिलेले) आणि अनवेटेड मार्कांचा गोंधळ इथेच होतो, आणि जुळलं नाही की फाइल बाजूला पडते.

हे सगळं ठीक असेल तर स्कॉलरशिप ऑफिसला एक ईमेल कर. तू कर, आम्ही नाही. आईबाप फोन करतात तेव्हा ते आधी प्रायव्हसीचा नियम सांगतात, आणि नियम नसता तरी ते बरं दिसलं नसतं. नाव, अर्जाचा क्रमांक, मेजर. मग विचारायचं की स्पर्धेच्या मेरिटचे सगळे निर्णय कळवून झालेत का, आणि केमिकलच्या डिपार्टमेंटचे साधारण कधी कळतील. मिडइयरचे मार्क जोड, ते चांगले आलेत. पाच ओळींच्या वर जाऊ नकोस, आणि दुसरीकडची ऑफर दाखवून घासाघीस करू नकोस. खाजगी कॉलेजात ती कधी चालते, सरकारीत क्वचित. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही कळलं नाही, तर डिपॉझिटची मुदत वाढवून मागता येते. ती मागायची लेखी, आणि उत्तरही लेखीच घ्यायचं.

फोनवर तू आणखी एक म्हणालीस, "मी तेवढी चांगली नसेन." हे कुठून आलं? सरकारी विद्यापीठ बाहेरच्या राज्यातल्या मुलांना पैसे देतं ते व्यवहार म्हणून. त्यांची आउट-ऑफ-स्टेट फी इन-स्टेटच्या दुप्पट-तिप्पट असते, त्यातून दहा-पंधरा हजार सोडले तरी त्यांच्या पदरात स्थानिक मुलापेक्षा जास्तच पडतं. ज्यांना वर्ग भरायचेत आणि स्कोअर वर न्यायचेत ते हात सैल सोडतात. मिशिगनसारख्यांच्या दारात एरवीच रांग असते, त्यांना गरज नसते. टेक्ससमध्ये तर किमान १,००० डॉलरची स्पर्धेची स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या मुलाला इन-स्टेट फी लागू होऊ शकते, म्हणजे स्कॉलरशिप हजाराची आणि बचत तिच्या कित्येक पट. दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या राज्यांचे आपापसात फी-सवलतीचे करार आहेत. न्यू जर्सी त्यातल्या कशातच नाही. हे सगळं भूगोल आणि हिशेब आहे गं. त्यात तू किती चांगली आहेस हे कुठे मोजलंय?

पत्र आलंच तर आकडा बघून नाचायचं नाही, आधी दोन गोष्टी शोधायच्या. रक्कम डॉलरमध्ये ठरलेली आहे की फीच्या प्रमाणात, आणि पुढच्या वर्षी ती चालू राहायला काय लागतं. धर की फी ३४,००० आणि मेरिट १५,०००, चारही वर्षं तेवढंच. पहिल्या वर्षी १९,००० भरायचे. फी वर्षाला ३ टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ३७,१५३ होते, मेरिट तिथेच राहतं, आणि आपल्याला २२,१५३ भरायला लागतात. चार वर्षांचे ७६,००० समजून बसलो होतो ते ८२,००० च्या वर जातात. त्यात राहणं-जेवण नाही, इंजिनिअरिंगची जादा फी नाही, थँक्सगिव्हिंगची तिकिटं नाहीत. उलट आउट-ऑफ-स्टेटचा फरकच माफ केला असेल तर फी वाढते तशी माफीही वाढते. आणि एक वर्ष तिथे राहिलं की आपण इन-स्टेट होऊ, हे डोक्यातून काढ. तू आमच्यावर अवलंबून आहेस तोवर सहसा आईवडिलांचं राज्यच धरतात.

अटी बारीक अक्षरात असतात. जीपीए बहुधा ३.० लागतो, पण तो कधी मोजतात, दर सेमिस्टरला की वर्षाच्या शेवटी? फुल-टाइम १२ क्रेडिट्सना होतं, स्कॉलरशिपला मात्र वर्षाला २४ किंवा ३० पूर्ण लागू शकतात, आणि शाळेतल्या एपी परीक्षांतून मिळालेले तुझे क्रेडिट्स त्यात धरतीलच असं नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री जड गेली म्हणून मध्येच सोडलीस तर ट्रान्सक्रिप्टवर नुसता डब्ल्यू येतो, जीपीए शाबूत राहतो, पण २९ क्रेडिट्सवर अडकतेस. समर क्लासने ते भरून काढता येतात का, हे आधी विचारायचं. केमिकलवाली मुलं को-ऑप करतात, म्हणजे एखादं सेमिस्टर कंपनीत काम करतात, त्या सेमिस्टरला स्कॉलरशिप थांबते की बुडते? आठ सेमिस्टर म्हणजे सलग आठ का? मेजर बदललं तर डिपार्टमेंटचा भाग जातो का? बाहेरून, म्हणजे मंडळाची किंवा बाबांच्या कंपनीची स्कॉलरशिप मिळाली, तर ती वर जमा होते की यांच्या रकमेतून वजा? यातला एकही प्रश्न विचारायला लाजू नकोस, आणि पहिल्या सेमिस्टरला १८ क्रेडिट्स घेऊ नकोस, आणि झोप घे, आणि

बघ, लेक्चर झालं. माफ कर. आजी शेजारून म्हणते, पोरीला आधी जेवलीस का विचार.

जेवलीस का?

तिसरीत होतीस तेव्हा शाळेच्या बुक फेअरला तुला वीस डॉलर दिले होते. तू एक बुकमार्क घेतलास, उरलेले परत आणलेस आणि म्हणालीस, पुस्तकं काही खास नव्हती. मग लायब्ररीत त्यातलंच एक मिळालं तेव्हा जमिनीवर बसून तिथेच संपवलंस. त्या वर्षी बाबांचा प्रोजेक्ट संपला होता आणि आम्हाला वाटायचं तुला काही कळत नाही. म्हणून तुझ्या "नकोच"वर माझा विश्वास नाही. कौतुक वाटतं आणि भीतीही वाटते, दोन्ही एकाच वेळी.

तर पैशाचं स्पष्ट सांगते. तुझ्या नावाच्या ५२९ मधले, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले, आणि आमच्या पगारातले धरून वर्षाला २८,००० पर्यंत आपण काढू शकतो, सगळं मिळून. त्यावर तुझ्या नावाचं फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंत, चार वर्षांत २७,००० च्या वर नाही. ते मला चालेल, इंजिनिअरला ते फेडता येतं. बाबा म्हणतात उरलेलं पेरेंट प्लसने, म्हणजे आईवडिलांच्या नावावरच्या फेडरल कर्जाने, भागवू. १ जुलै २०२६ पासून त्यालाही वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० ची मर्यादा येते, आणि मर्यादेत बसतं म्हणून घ्यावं असं नाही. २०२५-२६ च्या प्लसचा व्याजदर ८.९४ टक्के, शिवाय सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी आधीच कापून घेतात. ते मी होऊ देणार नाही. हिशेब बसला नाही तर नाही म्हणायचं काम माझं. ते तू आधीच उरकून टाकू नकोस.

आणि मेरिट फीपेक्षा जास्त निघालं, असं होणार नाही पण समज निघालं, तर राहण्या-जेवणावर खर्च झालेला भाग तुझं करपात्र उत्पन्न धरतात. ५२९ मधून मेरिटएवढी रक्कम काढली तर १० टक्के दंड लागत नाही, फक्त वाढीवर कर लागतो. या कटकटी झाल्या तर मी आनंदाने निस्तरेन.

रटगर्स वाईट नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर दादा चिडेल. तिथे गेलीस तर रविवारी घरी येशील, आणि मला काय, मला तेच हवंय. म्हणूनच माझं सगळंच ऐकू नकोस.

शनिवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते, तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात आणि आजीचा व्यायाम झालेला असतो. तू आणि बाबा दोघं हिशेबाची शीट उघडून बसा. कॅरोलिनाच्या रकान्यात मेरिट शून्य धरून एकदा, दहा हजार धरून एकदा, पंधरा धरून एकदा, असा चारही वर्षांचा हिशेब मांडून ठेव. फी दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढव, विसरू नकोस.

तुझी,
आई

ता. क. आपला हेल्थ इन्शुरन्स कॅरोलिनात कुठल्या डॉक्टरकडे चालतो, ते बाबांना कंपनीत विचारायला सांग. चालत नसेल तर विद्यापीठाचा घ्यावा लागेल, आणि तो खर्च अजून शीटमध्ये धरलेला नाही.