सोयाबीनमधलं ‘ई’ नेमकं कोणतं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘सोयाबीनमध्ये ई जीवनसत्त्व भरपूर’ एवढ्या एका वाक्यात विषय उरकलेला वाचला आणि राहवलं नाही. शिवडीच्या एका तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी २७ वर्षं तेल तपासत होते. या ‘भरपूर’मध्ये बरीच मेख आहे.

ई जीवनसत्त्व म्हणजे एकच पदार्थ नव्हे, टोकोफेरॉल नावाच्या रसायनांचं अख्खं कुटुंब आहे: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. सोयाबीनमध्ये त्यातला ६०-७० टक्के वाटा गॅमाचा, मग डेल्टा आणि अल्फा बहुतेक वाणांत १० टक्क्यांच्याही आत. आपलं यकृत मात्र निवडून अल्फाच रक्तात सोडतं. गॅमा तेल खवट होऊ देत नाही, म्हणजे शरीरापेक्षा डब्याच्या जास्त कामाचा. सूर्यफुलाच्या तेलात बहुतेक अल्फाच.

आता हा अल्फा सगळ्या सोयाबीनमध्ये सारखा नसतो. गॅमाचा अल्फा करणारं एक विकर (एन्झाइम) दाण्यात असतं आणि त्याचं जनुक किती जोमानं चालतं हे वाणागणिक बदलतं. पूर्व युरोपातल्या काही वाणांत अल्फा २० टक्क्यांच्या वर सापडला आहे. शिवाय हवामान आहेच. दाणा भरताना उष्मा असला किंवा पाण्याचा ताण पडला तर अल्फा वाढतो, कधी दुप्पट-तिप्पटही, असं अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे एकच वाण दोन गावांत, किंवा पेरणी मागे-पुढे झाली तर एकाच शेतात, वेगळा आकडा देऊ शकतं. माझा भाचा लातूरकडे सोयाबीन करतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली तेव्हा मी त्याला हे फोनवर मोठ्या उत्साहानं सांगायला गेले. तो म्हणाला, “आत्या, ई वाढलं असंल, पर पोती घटली त्याचं काय?” त्यावर मी काय बोलणार! मोंढ्यात ओल आणि काडीकचरा बघतात, अल्फा कुणी विचारत नाही.

पुढे रिफायनरीत तेलाचा वास काढताना वाफेबरोबर बरंच टोकोफेरॉल निघून जातं. तो तेलकट अर्क कारखाने वेगळा विकतात आणि त्यातूनच केमिस्टकडच्या ‘नैसर्गिक ई’च्या कॅप्सूल बनतात. आधी तेलातून काढायचं, मग डबीतून विकायचं.

परवा लालबागच्या वाण्याकडे तेलाच्या चार पिशव्या उलट्यापालट्या करून वाचल्या. दोनांवर ‘ई’ होतं, तेही एकाच आकड्यात. त्यात अल्फा किती, याचा पत्ता नाही. मागे रांग वाढली तशी वाण्यानं विचारलं, “काकू, तेल घ्यायचंय की परीक्षा आहे?”

ई असल्याचा दावा करणाऱ्या पिशवीवर अल्फाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये वेगळं छापणं सक्तीचं करावं, ही मागणी आपल्या स्तंभातून संबंधितांपर्यंत पोहोचावी. आणि पुरवणीच्या लेखकांनीही पुढच्या वेळी ‘भरपूर’च्या आधी ‘कोणतं’ ते लिहावं.

– एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, परळ, मुंबई