‘रिपोर्ट नॉर्मल’च्या पुढे काय?

माननीय संपादक महोदय,

चवथीच्या आदल्या आठवड्यात माझ्या भाचीचा उजवा पाय अचानक लुळा पडला. एमआरआय, रक्ततपासणी, नसांची तपासणी सारे झाले, सर्व अहवाल नॉर्मल आले आणि ‘हिला काही झालेले नाही, मनातून काढून टाका’ असे सांगून एका रुग्णालयाने तिला घरी पाठवले. त्यानंतर आमच्या डिचोलीकडच्या घरांत जे होते तेच झाले. दृष्ट काढली, घाड्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, विचारले, देवाला कौल लावला. शेवटी ‘परीक्षा आली की पोरी अशी सोंगे करतात’ हेही ऐकून घेतले.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला उताणे निजवून लुळ्या पायाची टाच खाटेवर दाबायला सांगितले. तिला ते जमले नाही. मग त्यांनी चांगला पाय हाताने दाबून धरला आणि तो वर उचलायला सांगितला. त्याबरोबर लुळ्या पायाची टाच आपसूक खाली दाबली गेली. टाचेखाली त्यांनी माझ्या बहिणीचा तळवा ठेवला होता, त्यामुळे तो जोर तिलाही कळला. अमेरिकन डॉक्टर हूवर यांनी १९०८ मध्ये नोंदवलेली ही खूण तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. नसा आणि स्नायू शाबूत आहेत, त्यांना हुकूम देणारी मेंदूची यंत्रणा अडखळते आहे, हे मायलेकींना तिथेच पटले.

या आजाराला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी त्याला हिस्टेरिया म्हणत. तो शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला, म्हणजे दोष बायकांच्या माथी मारण्याची सोय आधीच झालेली! मानसिक ताण पुष्कळ रुग्णांत आढळतो, पण प्रत्येकात आढळतोच असे नाही, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीतून ताणाची अट काढून टाकण्यात आली आहे.

माझी विनंती एवढीच, की डॉक्टरांनी केसपेपरवर ‘नॉर्मल’ लिहून न थांबता आजाराचे नाव लिहावे आणि ते रुग्णाला समजावून सांगावे. गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) आणि मनोविकार संस्था दोन्ही पणजीजवळच्या बांबोळीलाच. ‘बांबोळीला नेले’ म्हटले की गावात त्याचा ‘वेड लागले’ असा एकच अर्थ काढतात, शिवाय काणकोण-सत्तरीच्या माणसाचा तिथे जाण्यात अख्खा दिवस मोडतो. अशा रुग्णाला पुन्हा चालायला शिकवणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या इस्पितळात आठवड्यातून एकदा तरी मिळावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली