फाउंड्रीला पैसे द्या, पण असेंब्लीचं काय? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

फोटॉनिक चिपचा, म्हणजे प्रकाश वापरून काम करणाऱ्या चिपचा, विषय निघाला की सरकारी पातळीवर सगळ्यांचं लक्ष लगेच फाउंड्रीकडे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे जातं, आकडे मोठे असतात, फोटो भारी येतात. आम्ही याच लाईनमधे काम करणारे लोक, आमचं म्हणणं एवढंच की वेफर (ज्या चकतीवर अनेक चिप एकत्र बनतात ती) बाहेर आला म्हणजे काम झालं असं नसतं हो, खरी कटकट तिथून पुढे, चिपला लेसर आणि ऑप्टिकल फायबर जोडून वापरण्याजोगं मॉड्यूल करण्यात, म्हणजे असेंब्ली-पॅकेजिंगमधे आहे.

फाउंड्रीचा भाग त्यामानाने बरा आहे. चिपमधे ज्या रस्त्याने प्रकाश जातो तो सिलिकॉन वेव्हगाइड साधारण ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद असतो, त्यामुळे एकदम लेटेस्ट मशिनरी लागतच नाही. ग्लोबलफाउंड्रीजने २०२२ मधे जाहीर केलेला फोटॉनिक्स प्लॅटफॉर्मसुद्धा ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसवर आहे, ३ नॅनोमीटरसारख्या अगदी बारीक प्रोसेसवर नाही. पण सिलिकॉनचा लेसर काही धड होत नाही, तो लागतो इंडियम फॉस्फाइडचा, आणि ते बनवणारे वेगळे. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची स्मार्ट फोटॉनिक्स इंडियम फॉस्फाइडच्या चिप करते, पॅकेजिंगवाली फिक्स त्याच देशात पण एन्शेडेला. म्हणजे एका मॉड्यूलमागे दोन-तीन कंपन्या आल्याच.

आता असेंब्लीच्या टेबलावर काय चालतं ते बघा. फायबरमधला प्रकाशाचा ठिपका साधारण १० मायक्रॉनचा आणि वेव्हगाइड अर्ध्या मायक्रॉनचा, मधे ठिपका लहान करणारी रचना घातली तरी जुळणी बऱ्याचदा मायक्रॉनच्या आतच लागते. मग लेसर चालू ठेवायचा, फायबर वर-खाली, आजूबाजूला, पुढे-मागे सरकवायचा, कोनात वळवायचा, मीटरवर पॉवर सगळ्यात जास्त कुठे येते ते शोधायचं आणि तिथे गोंदावर यूव्ही लाइट मारायचा. गोंद घट्ट होताना आकसतो, फायबर जरासा ओढला जातो आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो!! मशीन असलं तरी हे एकेका चिपला करत बसायचं, खर्च आणि वेळ इथे जातो.

आणि मॉड्यूल फेल गेलं की मजा बघा, फाउंड्री म्हणते आमचा डाय (वेफरमधून कापलेली सुटी चिप) ओके होता, असेंब्लीवाले म्हणतात आला तसा जोडला, लेसरवाला मेलला उत्तरच देत नाही. भोगलंय आम्ही हे.

म्हणून अनुदानाच्या करारातच अट टाका की वेफर लेव्हलचा ऑप्टिकल टेस्ट डेटा प्रत्येक डायबरोबर असेंब्लीवाल्याला मिळालाच पाहिजे. फाउंड्रीच्या डिझाइन किटमधे (चिप डिझाइन करणाऱ्याला फाउंड्री जो नियमांचा संच देते त्यात) पॅकेजिंगचे नियम पहिल्यापासून असू द्या, फायबर कुठल्या कडेला येणार, वायर जोडायच्या पॅडमधे अंतर किती, नाहीतर डिझाइनवाला चिप काढून मोकळा होतो आणि ती जोडताच येत नाही. छोट्या कंपन्यांसाठी एकाच वेफरवर अनेकांची डिझाइन घेणारे शटल रन असतात, पण त्यातून हातात येते नुसती उघडी चिप, तेव्हा त्याच पैशात पॅकेजिंगचा स्लॉटही धरा. अमेरिकेत २०१५ ला सुरू झालेल्या एम फोटॉनिक्स या फोटॉनिक चिपसाठीच्या संस्थेचं वेफरचं काम ऑल्बनीला होतं, पण टेस्ट, असेंब्ली आणि पॅकेजिंगसाठी रॉचेस्टरला वेगळी फॅसिलिटी उभी केलीय, उगाच नाही.

पुढच्या योजनेचा मसुदा करताना कमिटीत एक तरी माणूस असेंब्ली लाईनवरचा घ्या, प्रोफेसर आणि फाउंड्रीवाले असतातच.

आपला,
एक पॅकेजिंग इंजिनिअर